पट्टी कंची? ऑर्नेट कोलमनचा 'साउंड ग्रामर'

सरळच सांगतो, अमेरिकेतला जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन ह्याचा 'साउंड ग्रामर' हा अल्बम गेले दोन महिने मी जवळजवळ रोज ऐकतोय, सकाळी दुकान उघडायच्या आधी थोडा आणि रात्री जेवणं उरकली की पुन्हा सगळा, आणि आता कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहायला बसलोय. माझं सांगलीत माधवनगर रोडला मोटारी भरायचं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की आमच्याकडे येतात, दिवसभर कानावर बेअरिंगचा आवाज नाहीतर ग्राइंडर. पण गाणं घरातच होतं, आमचे थोरले चुलते तात्या चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमधे क्लारनेट वाजवायचे, त्यामुळे फुंकून वाजवायचं कुठलंही वाद्य लागलं की माझा हात आपोआप थांबतो. जॅझकडे मी त्याच वाटेने आलो, आणि ऑर्नेटकडे यायला मात्र फार उशीर झाला ह्याचं मनापासून वाईट वाटतं.

हा अल्बम म्हणजे एका मैफलीचं रेकॉर्डिंग आहे. १४ ऑक्टोबर २००५, जर्मनीतलं लुडविग्सहाफेन गाव. ऑर्नेट तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. बाजारात आला २००६ मधे, आणि तोही स्वतःच्याच लेबलवर, म्हणजे रेकॉर्ड कंपनीतर्फे, लेबलचं नाव पण साउंड ग्रामरच. त्याआधी जवळपास दहा वर्षं त्याचा नवीन अल्बम आलाच नव्हता. म्हणजे माणूस सत्तरी पार करतो, दहा वर्षं काही काढत नाही, आणि मग एके संध्याकाळी परमुलखात स्टेजवर उभा राहून तासाभरात जे वाजवतो ते हे.

मी सीडी मागवली. फोनवर ऐकायचा विचार होता पण असल्या गोष्टी हातात पाहिजेत असं माझं मत आहे. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून घेतली, शिपिंग धरून साधारण सोळाशे रुपये गेले, 'नवीन' म्हणून लिहिलेलं आणि आली ती वापरलेली, आतल्या कागदाच्या कडेला पाण्याचा डाग. दोनदा मेसेज टाकला, उत्तर नाही. ह्याबद्दल जास्त बोलत नाही कारण डिस्क स्वच्छ निघाली आणि पहिल्या पाच मिनिटांत राग गेला. पण मागवणाऱ्यांनी आधी फोटो मागून घ्या, एवढं मात्र करा.

आता मुख्य गोष्ट. स्टेजवर चारच जण. ऑर्नेट आल्टो सॅक्सोफोनवर, मधे मधे ट्रम्पेट आणि व्हायोलिन. ड्रमवर त्याचा मुलगा डेनार्डो. आणि दोन डबल बास, म्हणजे माणसाएवढं उभं, खर्जातलं तारांचं वाद्य, एक ग्रेग कोहेन, तो बोटांनी छेडतो, आणि दुसरा टोनी फलांगा, तो गजाने वाजवतो. पियानो नाही, गिटार नाही. ह्या दोन बासमधेच अल्बमचा जीव आहे असं मी म्हणेन. कोहेनची बोटं चालतात ती चालत्या बैलगाडीच्या चाकासारखी, सतत खाली, न थांबता, तुमच्या पायाला धरून ठेवणारी. आणि फलांगाचा गज वर, पार उंच, कधी सॅक्सच्या मागोमाग, कधी सॅक्सच्या पुढे, कधी दोघं एकच ओळ दोन वेगळ्या उंचीवरून गात असल्यासारखे. ख्याल गायकाच्या मागे सारंगी कशी असते, गायकाने जागा घेतली की सारंगी ती जागा उचलते, थोडी मागे राहून, किंचित वेगळी करून, तसं. फरक इतकाच की इथे सारंगीला पण मान वर करून स्वतःचं बोलायची मुभा आहे आणि ती बोलते.

आम्ही मिरजेच्या शेजारचे लोक. सतारमेकर गल्लीत लहानपणापासून गेलोय, तिथले तंबोरे आणि सतारी देशभर जातात, २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन पण मिळालं. माझा एक मित्र तिथेच तंबोऱ्याचं काम करतो. त्याच्याकडे जवारी काढताना, म्हणजे घोडी घासून तारेचा आवाज गुंजता करताना, बघत बसलं तर कळतं की तार तीच, भोपळा तोच, घोडीवर कानस किती फिरली आणि तारेखाली दोरा कुठे सरकला ह्या केसभर फरकाने आवाज उघडतो किंवा बंद होतो. फलांगाचा गज जेव्हा खालच्या तारेवर हळू ओढला जातो ना, तेव्हा त्या जाड तारेतून एक नाही तर पाच-सहा आवाज एकदम निघतात, वरचे वरचे सूर हलके हलके चमकतात, अगदी जवारी लागलेल्या तंबोऱ्यासारखे. हेडफोन लावून ऐका, दोन्ही बास एकमेकांत न मिसळता कळतात, रेकॉर्डिंग खरंच चांगलं आहे, लाइव्ह असून.

आता थोडं मागे जातो, कारण हा माणूस कुठून आला ते माहीत नसेल तर पंचाहत्तरीत तो काय करतोय ते पूर्ण कळत नाही. ऑर्नेटचा जन्म ९ मार्च १९३० चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. काळा माणूस, गरिबी, सॅक्स बहुतेक स्वतःच शिकलेला. तरुणपणी गावोगाव नाचगाण्याच्या बँडमधे वाजवायचा, आणि लुइझियानात एकदा त्याला लोकांनी मारलं आणि सॅक्स मोडून टाकला. मग लॉस एंजेलिसला गेला, तिथे पोटासाठी लिफ्टमन म्हणून काम केलं आणि लिफ्टमधे बसून संगीताची थिअरीची पुस्तकं वाचली. धातूचा सॅक्स परवडत नव्हता म्हणून पांढऱ्या प्लास्टिकचा घेतला, आणि तोच पुढे त्याची ओळख झाला. १९५९ च्या नोव्हेंबरमधे हाच प्लास्टिकचा सॅक्स घेऊन तो न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमधे उभा राहिला आणि गावात दोन तट पडले. काही म्हणाले नवीन युग आलं, काही म्हणाले ह्याला वाजवताच येत नाही. दोन आठवड्यांचं काम होतं ते अडीच महिने चाललं. १९६० च्या डिसेंबरमधे त्याने आठ जणांना घेऊन, म्हणजे चार-चार जणांचे दोन संच एकाच वेळी, सदतीस मिनिटांचा एकच तुकडा रेकॉर्ड केला, अल्बमचं नाव 'फ्री जॅझ', आणि ह्या सगळ्या प्रकारालाच ते नाव चिकटलं.

तर ह्या 'फ्री' मधे फ्री काय आहे? हे मला नीट कळायला वेळ लागला म्हणून सांगतो. त्याच्या आधीचा जॅझ साधारणपणे कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजवलेल्या तीन-चार सुरांच्या जुळणीवर, चालायचा. पियानोवाला एकामागून एक कॉर्ड बदलत जातो, ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या मात्रांत, आणि सॅक्सवाल्याने त्या त्या कॉर्डमधे बसतील असेच सूर शोधत पळायचं. बत्तीस बार, म्हणजे मात्रांचे बत्तीस गट, झाले की पुन्हा पहिल्यापासून. ऑर्नेटने ती शिडी काढून टाकली. म्हणून पियानो पण काढला. तो म्हणतो चालीचा जो भाव आहे त्यावरून पुढे जा, सूर तुला जिकडे नेतो तिकडे जा, बासवाल्याने आणि ड्रमवाल्याने त्याच क्षणी ऐकून ठरवायचं. ह्या विचाराला तो हार्मोलोडिक्स म्हणायचा, स्वरमेळ, चाल आणि लय तिन्ही सारख्या मानाच्या, कुणी कुणाचा नोकर नाही.

आणि इथेच मला सगळ्या मराठी ऐकणाऱ्यांना कळकळीने सांगायचंय की घाबरू नका. आपल्या गाण्यात कॉर्ड कधी नव्हतेच. आपला गवई षड्ज धरून बसतो आणि एका सुरावरून दुसऱ्या सुरावर कसं जायचं हे तिथल्या तिथे ठरवतो, तास तास. ज्या गोष्टीमुळे १९५९ मधे न्यूयॉर्कचे मोठे मोठे वादक चक्रावले ती गोष्ट आपल्या कानाला परकी नाहीच. हां, रागाचा नियम असतो, तो ऑर्नेटकडे नाही, षड्ज पण एका जागी राहत नाही, तेवढं पचवावं लागतं. पण सूर लावायची जी पद्धत आहे, दोन सुरांच्या मधल्या जागेत थांबायची, जरा चढा लावून काळजाला हात घालायची, ती ऐकली की मला सरळ मिरजेच्या दर्ग्यात झोपलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची जुनी तबकडी आठवते. खाँसाहेब १९३७ ला गेले, ऑर्नेट तेव्हा सात वर्षांचा पोरगा, एकमेकांशी काही संबंध नाही. पण दोघांच्या आवाजात ते रडू न देता रडवणं आहे.

हे माझ्या एकट्याचं मत राहू नये म्हणून तात्यांना ऐकवलं. तात्या आता चौऱ्याहत्तर वर्षांचे, कवलापूरला असतात, दात गेले तसं क्लारनेट सुटलं. मिरजेला डोळे दाखवायला आले होते, परत जाताना दुकानात टेकले. दुपारची वेळ, लाइट होती, गिऱ्हाईक नव्हतं. चहा मागवला आणि काही न सांगता सहावा ट्रॅक लावला, 'वेटिंग फॉर यू'. तात्यांनी कप खाली ठेवला. मिनिटभराने विचारलं,

"पट्टी कंची हाय ह्येची?"

म्हटलं, "पट्टी नाही तात्या, तो मधेच बदलतो."

"बदलंना का. पर सुटत न्हाय त्यो. बेसूर व्हईल व्हईल वाटतंय आन हुईत न्हाय." मग परत ऐकत बसले. डावा हात मांडीवर, बोटं आपोआप चालायला लागली, क्लारनेटच्या भोकांवर पडावीत तशी, तीन बोटं खाली, एक वर. चाळीस वर्षांची सवय. मी मोटारीची कॉइल हातात धरून तसाच उभा.

मग 'वन्स ओन्ली' लावला. हा जवळजवळ दहा मिनिटांचा, फार संथ. फलांगाचा गज खाली लांब ओढलेला आणि वर ऑर्नेट एक एक ओळ टाकतो, टाकतो आणि थांबतो. तात्या म्हणाले, "म्हाताऱ्याची फुंकर कमी झालीया. पर त्यो लपवत न्हाय बघ." मी विचारलं म्हणजे कसं. तर म्हणाले वरातीत म्हातारा क्लारनेटवाला दोन प्रकारचा असतो, एक जो दम नाही हे झाकायला भराभर बोटं चालवतो, आणि दुसरा जो सूर कमी घेतो पण घेतलेला सूर शेवटपर्यंत सांभाळतो, तो तुटेपर्यंत नाही वाजवत, तुटायच्या आधी स्वतःहून खाली ठेवतो. "ह्यो दुसरा हाय." मी हा ट्रॅक तोपर्यंत तीसेक वेळा ऐकला असेन, पण ओळ कुठे खाली ठेवतोय ह्याकडे लक्ष दिलंच नव्हतं. आता दरवेळी तेच ऐकतो. ओळीचा शेवट. पत्तीवरची हवा संपत येते, सूर जरा थरथरतो, आणि तो सोडून देतो, आणि ती जागा गजवाला अलगद भरतो. पंचाहत्तर वर्षांच्या छातीतून येणारी फुंकर आहे ही, आणि तिच्या भोवती सगळी मैफल रचलेली आहे. तरुण ऑर्नेटच्या १९५९ च्या रेकॉर्डवर जो उसळलेला, घाईचा, सगळं एकदम सांगायचंय असा आवाज आहे तो इथे नाही. इथे तो कमी बोलतो. मला हा जास्त आवडतो, आणि असं म्हणणारे कमी असतील पण मी म्हणतो.

बाकी ट्रॅकबद्दल. पहिला नुसता मिनिटभराचा इंट्रो. दुसरा 'जॉर्डन', एकदम जोरात, पहिल्यांदा ऐकणाऱ्याला इथेच दार बंद झाल्यासारखं वाटतं, म्हणून नवीन माणसाने ह्याच्यापासून सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिसरा 'स्लीप टॉकिंग' मात्र अल्बमचा कळस. जुनी चाल आहे, १९८२ च्या 'ऑफ ह्यूमन फीलिंग्ज' मधे इलेक्ट्रिक गिटारवाल्या बँडबरोबर 'स्लीप टॉक' नावाने येऊन गेलेली, तिथे ती नाचायला लावते. इथे तिला पार हळू केलंय. सुरुवातीला बासवर गजाने जी उंच एकटी ओळ येते ती ऐकून पाश्चात्य संगीत ऐकणाऱ्यांना लगेच स्ट्राविन्स्की ह्या रशियन संगीतकाराच्या 'राइट ऑफ स्प्रिंग'ची सुरुवात आठवेल, ती १९१३ ची, बासून ह्या फुंकून वाजवायच्या लाकडी वाद्यावर वाजवलेली. मग ऑर्नेट येतो आणि ती ओळ स्वतःच्या घरात घेऊन जातो. झोपेत बोलणारा माणूस कसा अर्धं वाक्य बोलतो, थांबतो, कूस बदलतो, मग कुठल्यातरी दुसऱ्याच गोष्टीचं पुढचं अर्धं वाक्य बोलतो, आणि शेजारी झोपलेल्याला मात्र सगळं कळतं, तशी ही चाल आहे. नऊ मिनिटं कशी जातात कळत नाही.

'टर्नअराउंड' पण जुनीच, १९५९ ची, साधा बारा बारचा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जुनं गाणं. ज्यांना वाटतं की ह्या माणसाला साधं वाजवता येत नाही म्हणून तो वेडंवाकडं वाजवतो त्यांनी हा ट्रॅक ऐकावा. टेक्सासच्या धुळीतला ब्लूज आहे, ठेका असा की मान हलतेच, दुकानातला माझा पोरगा, जो दिवसभर डीजेची गाणी लावतो, तो ह्यावर पाना आपटत होता. लहान आहे, चार मिनिटं फक्त. सुरुवात इथून करा.

'मॅटाडोर' नावाप्रमाणे स्पॅनिश डौलाची, 'कॉल टू ड्यूटी' पळती, ठीक. शेवटचा 'साँग एक्स', ही चाल त्याने पॅट मथिनी ह्या गिटारवादकाबरोबर ऐंशीच्या दशकात त्याच नावाच्या अल्बममधे वाजवलेली. इथे दहा मिनिटं चौघंही पूर्ण वेगात. खरं सांगायचं तर हा ऐकायला ताकद लागते. रात्री सगळे झोपल्यावर नाही ऐकता येत, सकाळी ऐका, दार लावून, मोठ्या आवाजात.

डेनार्डोबद्दल वेगळं लिहायला पाहिजे. हा पोरगा दहा वर्षांचा असताना, १९६६ मधे, बापाच्या 'द एम्प्टी फॉक्सहोल' अल्बमवर ड्रम वाजवायला बसला होता. तेव्हा लोकांनी नावं ठेवली, लहान पोराला काय कळतं म्हणून. बापाचं म्हणणं होतं की ह्याला अजून नियम माहीत नाहीत म्हणून ह्याचं वाजवणं मोकळं आहे. चाळीस वर्षांनी तोच मुलगा इथे बापाच्या मागे बसलाय आणि ठेका कसा आहे म्हणाल तर सरळ ठेका तो देतच नाही, सम दाखवत नाही, सतत खळखळ, कृष्णेला पावसाळ्यात आयर्विन पुलाखाली जसं पाणी सगळीकडून एकदम जातं तसा. मी आधी वैतागलो होतो, आवाज जास्त आहे, बाप हळू वाजवतोय तर तू पण हळू घे ना. काही ठिकाणी अजूनही तसं वाटतं, 'वेटिंग फॉर यू' मधे झांजा जरा कमी चालल्या असत्या. पण बाप ओळ संपवायला लागला की अर्ध्या क्षणात त्याला कळतं, तो आधीच तिथे पोचलेला असतो. हे शिकवून येत नाही. ऑर्नेटचे जुने साथीदार, ड्रमवाले एड ब्लॅकवेल १९९२ ला गेले, ट्रम्पेटवाले डॉन चेरी १९९५ ला, बिली हिगिन्स २००१ ला. जी माणसं त्याची भाषा बोलायची ती एक एक गेली, आणि मग ती भाषा येणारा घरचाच राहिला.

जाता जाता, आपल्याकडचा धागा पण आहे. १९९५ च्या 'टोन डायलिंग' अल्बमवर ऑर्नेटबरोबर बादल रॉय तबल्यावर आहेत, तेच जे जॅझमधला मोठा ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिसबरोबर पण वाजवायचे. तो अल्बम मला ह्याच्याइतका नाही आवडत, तबला खूप गर्दीत हरवतो, पण ऐकून बघा.

नावडलेलं पण सांगतो. ऑर्नेटचं व्हायोलिन आणि ट्रम्पेट मला अजून पटलेलं नाही. त्याचे चाहते म्हणतात की न शिकलेल्या हातातून जो कच्चा आवाज येतो तोच त्याला हवाय, असेल, मी समजून घ्यायचा प्रयत्न करतोय, पण शेजारी फलांगासारखा पक्का गज चालू असताना ऑर्नेटचं व्हायोलिन खरवडल्यासारखं वाटतं. सुदैवाने ते फार वेळ नाही, तो लवकरच सॅक्स उचलतो आणि सॅक्स उचलला की सगळं माफ. दुसरं म्हणजे हा अल्बम काम करता करता मागे लावून ठेवायचा नाही. मी दुकानात तसा प्रयत्न केला, डोकं दुखलं, कारण तो अर्धवट ऐकला की नुसता गोंगाट वाटतो आणि पूर्ण लक्ष दिलं की त्यात एक एक माणूस वेगळा दिसायला लागतो. बसून ऐकायला वेळ असेल तरच घ्या.

२००७ मधे ह्या अल्बमला संगीताचं पुलित्झर, अमेरिकेतलं मोठ्या मानाचं पारितोषिक, मिळालं, ऑर्नेट तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा. हे पारितोषिक एरवी कागदावर लिहिलेल्या संगीताला जायचं, रेकॉर्डिंगला पहिल्यांदाच दिलं गेलं. १९६५ मधे ह्याच पुलित्झरच्या परीक्षकांनी जॅझचा थोर रचनाकार ड्यूक एलिंग्टनचा खास सन्मान करा म्हणून सुचवलं होतं आणि वरच्या मंडळाने नाही म्हटलं होतं. एलिंग्टनसारख्या माणसाला. ते वाचून मला फार लागलं. त्यानंतर बेचाळीस वर्षांनी लिफ्टमधे बसून शिकलेल्या, ज्याला वाजवता येत नाही म्हणून हाकललं होतं त्या माणसाला ते मिळालं, आणि तेही तिथल्या तिथे सुचलेल्या संगीतासाठी. ऑर्नेट ११ जून २०१५ ला न्यूयॉर्कमधे गेला, पंच्याऐंशी वर्षांचा होऊन.

घ्यावा का? घ्याच. क्रम मात्र माझा लावा: आधी 'टर्नअराउंड', मग 'वेटिंग फॉर यू', मग 'स्लीप टॉकिंग', दोन दिवस थांबा, मग 'वन्स ओन्ली' एकटं बसून, आणि मग सगळा अल्बम पहिल्यापासून. फोनच्या स्पीकरवर अजिबात नको, त्यात बास येतच नाही आणि बास गेला की ह्या अल्बममधे अर्धं काही उरत नाही. साधे वायरचे हेडफोन चालतील, मी पण तेच वापरतो.

माझी सीडी सध्या माझ्याकडे नाही. मिरजेचा मित्र मागच्या रविवारी ऐकायला आला, फलांगाचा गज सुरू झाला तसा स्पीकरला कान लावून बसला, तारेच्या खाली हात नेऊन दोरा सरकवावा तशी बोटं हवेत हलवत होता, आणि जाताना विचारलं पण नाही, सीडी घेऊन गेला. काल फोन केला तर म्हणाला जवारी काढताना लावतोय रोज, एवढ्यात मागू नकोस. गणपतीच्या आत दे म्हटलंय. तात्यांना 'वन्स ओन्ली' परत ऐकायचाय.